फिरत्या घराचा मुक्काम कधी आणि कसा हलवावा: सातारा-सांगलीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

कॅम्पर व्हॅनमध्ये कायमचे राहायला निघालेली अनेक जोडपी पहिल्या महिन्यातच थकून जातात. त्याचे कारण घाट नसतात आणि आतली अपुरी जागाही नसते. रोज गाडी हलवण्याची सवय त्यांना थकवते. सुट्टी काढून आठ दिवस फिरणारा माणूस सकाळी वाई, दुपारी पाचगणी आणि संध्याकाळी महाबळेश्वर असा धावता कार्यक्रम आखतो, आणि त्याला तो परवडतोही, कारण नवव्या दिवशी तो घरी परततो व दोन दिवस झोपून काढतो. ज्याचे घरच चाकांवर आहे त्याला असा नववा दिवस कधी येत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक नियम मनाशी पक्का करावा: मुक्काम हलवण्याचा दिवस वेगळा आणि राहण्याचा दिवस वेगळा. हलण्याच्या दिवशी स्थळदर्शन नाही, ऑफिसचे काम नाही, धुणे नाही. राहण्याच्या दिवशी गाडीची किल्ली खुंटीवरून काढायची नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाभोवती बांधलेल्या आहेत.

पहिली पायरी: एका जागी किती रात्री, हे पाण्यावरून ठरवावे

मुक्काम किती दिवसांचा, हा प्रश्न नवखी मंडळी जागेच्या सौंदर्यावरून सोडवतात. प्रत्यक्षात तो पाण्याची टाकी सोडवते. दोन माणसांनी जपून वापर केला, म्हणजे बादलीत मोजून अंघोळ केली आणि भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली, तरी रोजचे पंचवीस ते तीस लिटर पाणी लागतेच. टाकी शंभर लिटरची असेल, तर तीन दिवसांनंतर कुठून तरी पाणी भरावे लागते. शौचालयाची सुटी टाकीही साधारण तेवढ्याच दिवसांत भरते. विजेचे गणित थोडे सैल असते: बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सुमारे सव्वा युनिट वीज साठवते आणि लहान कॉम्प्रेसर फ्रिज, पंखा, दिवे व दोन लॅपटॉप मिळून दिवसाला साधारण एक युनिट खर्च होते. मार्चमधल्या स्वच्छ उन्हात छपरावरचे पॅनल ही भरपाई सहज करतात. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात मात्र ती होत नाही, आणि तेव्हा इंजिनवरून बॅटरी भरून घेण्यासाठीच कधी कधी मुक्काम हलवावा लागतो.

म्हणून नवख्यांनी तीन रात्रींचा मुक्काम हे मूळ माप धरावे. जागेवर पाणी, वीज आणि शौचालय मिळत असेल, तर सात रात्री राहावे. एका रात्रीचा मुक्काम ही केवळ वाटेतली सोय समजावी आणि अशा दोन रात्री लागोपाठ येऊ देऊ नयेत. दुसऱ्या रात्रीनंतर झोप उथळ होते, स्वयंपाक टाळला जातो आणि तिसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसणारा माणूस ताजातवाना नसतो.

दुसरी पायरी: मार्ग ऋतूप्रमाणे आखावा

सातारा-सांगली परिसर शिकण्यासाठी उत्तम आहे, याचे कारण पल्ले लहान आहेत आणि हवामानाचे दोन टोकाचे नमुने जवळजवळ आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिमेचे घाट, धुके आणि दरडी टाळून पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला राहावे. दिवाळीनंतर पश्चिमेकडे वळावे. एप्रिल-मेमध्ये पाचगणीच्या उंचीवर जावे, पण शनिवार-रविवारच्या गर्दीत तिथे पोहोचू नये. या भागातील धनगर मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या असेच करत आले आहेत. फलटण-माणकडची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि पाऊस सुरू होण्याआधी परत वर येतात. ते ज्याच्या शेतात रात्री मेंढरे बसवतात त्याला खत मिळते, आणि तो शेतकरी बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. त्यामुळे पुढच्या वर्षी त्याच शेतात त्यांचे स्वागत होते. आपणही जागामालकाच्या काही उपयोगी पडलो तरच त्या जागेवर पुन्हा येता येते, ही गोष्ट जागा निवडताना उपयोगी पडते.

ऋतूबरोबर पंचांग आणि साखर कारखान्यांचा हंगामही पाहावा. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण आणि बरड या मुक्कामांवरून जाते. त्या दिवसांत त्या रस्त्यांवरची वाहतूक वळवलेली असते आणि मोठ्या गाडीला तिथे जागा नसते. पौषात पालीला खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास पुसेगावला सेवागिरी महाराजांची भरते; या गावांतून त्या आठवड्यात मुक्काम हलवू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळपाचा हंगाम असतो. तेव्हा कराड, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), वाळवा, पलूस या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि ऊस मागून इतका बाहेर आलेला असतो की ट्रॉलीला दिवा असलाच तरी तो दिसत नाही. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर फिरते घर चालवू नये, असे आम्ही प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगतो.

एका पल्ल्याचे अंतर शंभर किलोमीटरच्या आत ठेवावे. साताऱ्याहून कराड सुमारे पन्नास किलोमीटर आहे, कराडहून सांगली सत्तरच्या घरात आणि साताऱ्याहून वाई पस्तीसच्या. पहिल्या महिन्यासाठी वाई, पाचगणीजवळचे भिलार, सातारा, कराड, औदुंबर, सांगली हा क्रम सोयीचा पडतो. भिलारची निवड मुद्दाम केली आहे. २०१७ साली ते पुस्तकांचे गाव म्हणून सुरू झाले, घराघरांत वाचनाची सोय आहे, आणि गाडी न हलवता तीन दिवस छान जातात. नवख्या प्रवाशाला नेमकी हीच सवय लावून घ्यायची असते.

तिसरी पायरी: आदल्या संध्याकाळी अर्धे काम उरकावे

मुक्काम हलवण्याची सुरुवात सकाळी नव्हे, तर आदल्या दिवशी दुपारी चारनंतर होते. बाहेर टाकलेल्या खुर्च्या, सावलीसाठी लावलेली कापडी चांदणी आणि वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत. शौचालयाची टाकी रिकामी करावी, पण ती केवळ सेप्टिक टँकला किंवा गटार योजनेला जोडलेल्या शौचालयात आणि मालकाला विचारूनच. तिच्यात फिनेल घालू नये. सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात, आणि मालक पुढच्या प्रवाशाला नकार देतो. ओढ्यात, उसाच्या पाटात किंवा नदीत ती रिकामी करणे हा थेट गुन्हा समजावा, कारण खालच्या गावाची पाणीयोजना त्याच पाण्यावर चालते.

टाकी भरायची असेल तर जिथून निघतो तिथेच भरावी का, यावर मतभेद आहेत. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन. पसरणीचा घाट चढायचा असेल तर टाकी अर्धी ठेवावी आणि वर गेल्यावर भरावी. सपाटीवरचा पल्ला असेल तर पूर्ण भरावी. पुढच्या जागेवर पाणी आहे असे फोनवर कोणी सांगितले, एवढ्यावर टाकी रिकामी ठेवून निघू नये.

सकाळी निघताना दोघांनी मिळून एक फेरी मारावी, एकाने आतून आणि एकाने बाहेरून. आत फ्रिजचे दार, कपाटांच्या कड्या, छपराची खिडकी आणि सिंकची बूच तपासावी. गॅस शेगडीच्या बटणावर बंद असून भागत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी रेग्युलेटर बंद करावा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत ठेवूच नये, पाच किलोचा लहान सिलिंडर पुरतो, आणि तो बांधलेल्या कप्प्यात असावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र हवे. बाहेरून फिरणाऱ्याने चाकांमागचे दगड काढले का, पायरी आत घेतली का आणि विजेची वायर सोडवली का हे पाहावे, आणि टायर गार असतानाच हवा मोजावी. पॅनल आणि एसी धरून गाडीची एकूण उंची फुटांत मोजून ती चालकासमोर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. रेल्वेच्या भुयारी रस्त्यांपाशी आणि गावातल्या लोंबत्या तारांखाली ती आठवत बसायला वेळ नसतो.

चौथी पायरी: हलण्याचा दिवस

नाश्ता करून नऊच्या सुमारास निघावे आणि चारच्या आत पोहोचावे. मधली दुपार विश्रांतीसाठी मोकळी ठेवावी. जेवणानंतर दोन ते चार या वेळेत सुस्ती येते, हे शरीराचे घड्याळ आहे आणि चहाने ते फार वेळ पुढे ढकलता येत नाही. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे. डोळे जड झाले तर महामार्गाच्या कडेला नव्हे, तर पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात गाडी घेऊन वीस मिनिटे झोपावे. गाडी चालवणे हा ज्यांचा पेशा आहे त्यांच्यासाठीही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. ज्याला घाई नाही त्याने याच्या निम्मेही चालवू नये.

घाटाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची चढते, आणि परतताना तेवढीच उतरते. घर भरलेली व्हॅन रिकाम्या व्हॅनपेक्षा कितीतरी जड असते, म्हणून उतारावर केवळ ब्रेक दाबत राहिल्यास ते तापतात आणि पेडल मऊ पडून गाडी थांबेनाशी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण अक्षरशः पाळावी. डिझेल वाचवण्यासाठी काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात किंवा इंजिन बंद करतात. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, हा नियम आहे. मागे गाड्यांची रांग लागली की पहिल्या रुंद वळणावर बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे सोडावे. त्याने दोन मिनिटे जातात आणि मागच्याचा हॉर्न ऐकत चुकीच्या जागी वेग वाढवण्याचा मोह होत नाही. घाट उतरल्यावर वाईत शिरण्याआधी दहा मिनिटे थांबून चाकांपाशी करपल्याचा वास येतो का पाहावे. आला तर ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत, पाणी ओतू नये.

हलण्याच्या दिवशी स्वयंपाक करू नये. रस्त्यावरच्या खानावळीत पिठले-भाकरी किंवा थाळी घ्यावी. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ आणि इतर कुठेही ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

पाचवी पायरी: जागा आणि परवानगी

प्रत्येक पल्ल्यासाठी तीन जागा ठरवाव्यात: एक आवडीची, दुसरी तिच्यापासून वीस किलोमीटरच्या आतली, आणि तिसरी महामार्गावरचा असा मोठा पेट्रोल पंप किंवा ढाबा जिथे ट्रक रात्री मुक्कामाला असतात. तिसरी जागा सुंदर नसते, पण तिथे दिवा, पाणी आणि जागी माणसे असतात. पहिली जागा चारला पाहिली आणि पटली नाही, तर दुसऱ्या जागेपर्यंत उजेडात जाता येते; सहाला पोहोचणाऱ्याला ही मुभा राहत नाही.

आमच्या मते या परिसरात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत चांगली जागा म्हणजे मंगल कार्यालय. लग्नाची तिथी नसेल तेव्हा त्याचे भिंतीआडचे मोठे आवार रिकामे असते, नळ असतो, शौचालये असतात आणि फाटकावर राखणदार असतो. व्यवस्थापकाला आदल्या दिवशी फोन करून रीतसर भाडे ठरवावे आणि पावती मागावी. कृषी पर्यटन केंद्रे, देवस्थानांचे भक्तनिवास आणि पर्यटन महामंडळाची निवासस्थाने येथेही विचारता येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असल्यामुळे ही कल्पना सरकारी यंत्रणेला अपरिचित राहिलेली नाही, तरी जागेवरच्या माणसाला ती समजावून सांगावीच लागते.

खेड्यात थांबायचे असेल तर गाडी थेट देवळापाशी किंवा शाळेच्या मैदानात लावू नये. आधी खाली उतरून पारावर बसलेल्यांना राम राम घालावा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पाव्हणं, गाव कुठलं तुमचं?” त्याचे उत्तर नीट द्यावे, कारण त्या उत्तरावर पुढचे सगळे ठरते. मग सांगावे: “मामा, आम्ही दोघंच आहोत, गाडीतच झोपतो. आजची रात्र इथं गाडी लावली तर कुणाची अडचण होईल का?” बहुधा कोणी तरी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना फोन लावतो, लावला नाही तर आपणच लावायची विनंती करावी आणि नाव, गाडीचा क्रमांक आणि निघण्याची वेळ कळवावी. शेतात थांबलो तर तिथलाच भाजीपाला, दूध, अंडी विकत घ्यावीत. फुकट देऊ केले तरी पैसे द्यावेत. शेतकऱ्याने घेतलेच नाहीत तर घरातल्या मुलांसाठी वह्या द्याव्यात.

काही जागा मात्र कितीही मोह झाला तरी वर्ज्य धराव्यात. कास पठार हे जागतिक वारशातील स्थळ आहे, तिथे फुलांच्या हंगामात वाहने दूर थांबवतात, आणि पठारावर रात्री राहायचे नसते. कोयना आणि चांदोली हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग आहेत. वनखात्याच्या जागेत परवानगीवाचून थांबू नये. तिसरी वर्ज्य जागा म्हणजे नदीचा घाट. मेणवली, हरिपूर, औदुंबर या गावांचे कृष्णाकाठ पाहताच तिथेच राहावेसे वाटते, पण पावसाळ्यात गाडी काठापासून लांब आणि उंचावरच हवी. कोयना धरणातून विसर्ग वाढला की कृष्णा काही तासांत चढते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत मुक्काम असेल तर ही पातळी रोज सकाळ-संध्याकाळ पाहावी आणि इशारा पातळी येण्याची वाट न पाहता हलावे.

सहावी पायरी: पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

गाडी नेहमी बाहेर पडण्याच्या दिशेने तोंड करून लावावी. रात्री काही कारणाने निघावे लागले तर अंधारात मागे घेण्याची वेळ येत नाही. वर पाहावे: सुकलेली फांदी, नारळ, विजेची तार. खाली पाहावे: काळ्या मातीत उभे राहू नये, कोरडी असताना ती दगडासारखी वाटते, पण एका सरीत चाके रुततात, आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

त्यानंतर गाडी समपातळीत आणावी. ओट्यावर उथळ ताटलीत थोडे पाणी घेऊन ठेवले की कोणती बाजू खाली आहे ते लगेच दिसते. त्या बाजूच्या चाकापुढे जाड फळी टाकून गाडी तिच्यावर सावकाश चढवावी, एकाने चालवावे आणि दुसऱ्याने बाहेरून हाताने खुणा कराव्यात. हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी उटी लावावी. अर्धा इंच उतार दिवसा जाणवत नाही, रात्री डोके खालच्या बाजूला आले की झोप लागत नाही.

रात्री थंडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून दारे-खिडक्या लावू नयेत. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेत ते कळत नाही. छताची झडप दोन बोटे उघडी ठेवावी आणि जाड गोधडी घ्यावी.

सातवी पायरी: राहण्याचे दिवस

तीन रात्रींच्या मुक्कामात दोन पूर्ण दिवस मिळतात. पहिला दिवस घराचा: धुणे, झाडलोट, बाजारहाट, राहिलेले काम, दुपारची झोप. दुसरा दिवस त्या गावाचा, आणि तोही पायी, सायकलवर किंवा एसटीने. वाईहून मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, हे सगळे गाडी न हलवता पाहता येते. एसटीने गेल्याचा दुहेरी लाभ असा की उभारलेले घर पुन्हा आवरावे लागत नाही आणि चालवणाऱ्यालाही खिडकीबाहेर पाहता येते.

दोघांनाही एकाच अठ्ठेचाळीस चौरस फुटांत तीन दिवस बसून राहणे जड जाते, हे आधीच मान्य करावे. रोज दोन तास प्रत्येकाने वेगळे घालवावेत. एकाने वाचनालयात जावे, दुसऱ्याने घाटावर फिरून यावे. मुक्काम हलवण्याचा निर्णय भांडणानंतर किंवा रात्री नऊनंतर घेऊ नये. जागेचा कंटाळा आला असे वाटले तर आधी नीट जेवावे, एक रात्र झोपावे आणि सकाळी पुन्हा विचार करावा. जागा असुरक्षित वाटत असेल तर मात्र काहीही विचार न करता तत्क्षणी निघावे.

महिन्यातून एकदा सात ते दहा रात्रींचा लांब मुक्काम मोठ्या गावात करावा. ऑइल, ब्रेक पॅड, टायरची अदलाबदल, दवाखाना, बँक आणि टपाल ही कामे तेव्हाच होतात. सांगली-मिरज त्यासाठी योग्य आहे: मिरजेला रुग्णालयांची परंपरा आहे, जंक्शन असल्यामुळे घरच्यांना रेल्वेने भेटायला येता येते, आणि दोन्ही शहरांत गॅरेज व सुट्या भागांची दुकाने आहेत. गॅरेजमध्ये गाडी देण्यापूर्वी एक खोली आरक्षित करावी, कारण त्या रात्री घरच गॅरेजमध्ये असते. मौल्यवान वस्तू, कागदपत्रे, औषधे आणि दोन दिवसांचे कपडे एका पिशवीत आधीच काढून ठेवावेत, आणि सिलिंडर बंद करून गॅरेजवाल्याला तो कुठे आहे ते दाखवून द्यावे.